पोचलो, जेवून घे

१७ फेब्रुवारी

पळाला म्हणे! माझा नवरा माल घेऊन पळाला! गाडीमालक आज दारातच उभा राहून हे बोलला. "वहिनी, खरं सांगा, कुठे लपलाय?" मी म्हटलं, "पलंगाखाली बघा. नाहीतर पिठाच्या डब्यात असेल." तणतणत गेला.

पत्त्यांत एक पान लपवलं तरी ह्यांचे कान लाल होतात. ह्यांचे कान बघूनच आम्ही डाव जिंकतो. असा माणूस ट्रकभर पंखे घेऊन पळणार?

गुरुवारी संध्याकाळी ह्यांचा फोन आला होता. "पोचलो. जेवून घे." बस, नेहमीचंच. मागे काहीतरी वाजलं – पत्रा वाजला की कुणी खाकरलं, कोण जाणे – आणि फोन कटला. लग्न झाल्यापासूनचा हा नियम आहे आमचा. गाडी मुक्कामाला लागल्याचा फोन आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. "तू उपाशी बसून काय गाडी ढकलतेस का गं?" म्हणून चिडायचे, पण फोन कधी चुकवला नाही. गुरुवारीही नाही. मी जेवले. चांगली पोटभर जेवले आणि झोपले.

शुक्रवारी फोन बंद. शनिवारी बंद. आज सोमवार. सासूबाई म्हणतात, "येईल गं, कुठे जातोय."

मला रडू येत नाहीये. राग येतोय. कुणाचा ते अजून कळत नाही.

१९ फेब्रुवारी

पोलिस ठाण्यात बाकावर बसून कंबर धरली. इन्स्पेक्टर साहेब दात कोरत होते. म्हणाले, "तुमच्याशी बोलणं झालं आणि लगेच फोन बंद झालाय. त्या भागात टॉवर एकच आहे, घाटापासून थेट गोदामापर्यंत. त्यामुळे नेमका कुठे होता ते सांगता येत नाही. गोदामवाले म्हणतात, गाडी आलीच नाही."

आलीच नाही? मग पोचले कुठे, चंद्रावर?

मी म्हटलं, "साहेब, हे पोचलो म्हणाले म्हणजे पोचले. गोदामवाले म्हणतात आले नाहीत. कुणीतरी एक खोटं बोलतंय. आणि माझा नवरा खोटं बोलत नाही."

साहेबांनी काडी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

२० फेब्रुवारी

ज्याला त्याला तोंड फुटलंय!

कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो, वाटमारी झाली. शेजारीण म्हणते, दुसरं घर असेल हो, ड्रायव्हर लोकांचं असतं. (तिच्या तोंडावर दार लावलं. जोरात.) मी शिलाईला जाते त्या ताडपत्रीच्या दुकानातले मास्तर बिचारे हळू आवाजात म्हणाले, "छातीत कळ आली असेल, गाडी आडवाटेला लावून टेकला असेल." सगळ्यांनी ह्यांना मारूनच टाकलंय. फक्त कसं ते ठरायचंय.

पोंपों भावोजीही तेच. हे ह्यांचे जुने दोस्त, त्याच रस्त्यावर गाडी चालवतात. उगाच हॉर्न वाजवत फिरतात म्हणून ह्यांनीच पाडलेलं नाव. म्हणाले, "डुलकी लागली असेल वहिनी. भल्याभल्यांना लागते." डुलकी! संध्याकाळी? फोनवर तर चांगले ताजेतवाने होते. आणि पोचल्यावर डुलकी लागली काय, घोरणं लागलं काय, गाडी उभीच ना! जरा डोकं चालवा की!

२३ फेब्रुवारी

गोदाम बघून आले. पोंपों भावोजींच्या गाडीतून गेले. घाट उतरला, धरणाचं पाणी मागे पडलं आणि मग सपाट रस्त्याला ते गोदाम. उंच पत्र्याची भिंत, मोठं फाटक, फाटकाला लागून चौकीदाराची खोली. खोलीत खुर्ची, स्टोव्ह आणि भिंतीला टेकवलेला लोखंडी दांडा. वरचं शटर ओढायला आकडा लावलेला असतो ना, तसा.

चौकीदार किडकिडीत. मला बघितलं आणि मान खाली घातली. "गाडी आली नाही ताई." एवढंच. दर वाक्याआधी खाकरतो. "त्या दिवशी संध्याकाळी फाटकावर कोण होतं?" – "मीच होतो." – "मग नीट आठवा." – "आली नाही ताई." वर कॅमेरा आहे, पण तो म्हणे बंद पडलाय. वा! काय सोय आहे!

परत येताना भावोजी म्हणाले, "हा तोच ना, मागच्या खेपेला ह्याच्याशीच त्याची वादावादी झाली होती?" आणि मला लख्ख आठवलं. हेच घरी येऊन हसत सांगत होते. फाटकावर ताटकळत ठेवलं म्हणून हे बोलले, तर त्या चौकीदाराने गाडीची चावीच काढून घेतली. "पुन्हा ये, मग दाखवतो," म्हणाला होता. हे हसत होते! मीही हसले होते!

२४ फेब्रुवारी

त्यानेच मारलं.

२७ फेब्रुवारी

मशीनवर बसले तरी तेच डोळ्यांसमोर येतं. आज दाभण बोटात घुसली, कळलंसुद्धा नाही. मास्तरांनी बघितलं तेव्हा ताडपत्रीला रक्त.

हे गाडी फाटकाला लावतात. मला फोन करतात. तेवढ्यात तो खाकरतो. हो, खाकरणंच होतं ते, पत्राबित्रा नाही. मी उगाच घोळ घालत होते. फोन बंद करून हे खाली उतरतात. हे वाकतात, टायर तपासायची सवयच आहे. आणि तो मागून येतो. मागूनच! समोरून मारायची छाती आहे का त्याची? शटरचा दांडा डोक्यात. एकदाच. मग फरफटत मागे नेलं असणार. गोदामाच्या मागे पडकी विहीर आहे, मी बघितली.

आणि गाडी? चावी काढायची सवय आहेच त्याला. कुणातरी चोराला दिली असणार, पंख्यांसकट.

असं सगळं दिसतं, अगदी समोर घडल्यासारखं. लोक म्हणतात, मन घट्ट कर. माझं मन घट्टच आहे. त्या माणसाचं रक्त आटेपर्यंत मी सोडणार नाही त्याला. त्याला रडताना बघायचंय मला.

२ मार्च

जबाब दिला. साहेबांनी विचारलं, "फोनवर मागे काही ऐकू आलं?" मी म्हटलं, "आलं. चौकीदार होता." – "ओळखलात आवाज?" – "एकदा ऐकलाय प्रत्यक्ष. तोच." – "काय म्हणाला?"

मी जरा थांबले. मग म्हणाले, "गाडी मागे घे, असं काहीतरी."

म्हणाला असणारच. फाटकावरचा चौकीदार दुसरं काय म्हणतो? लिहून घेतलं. मी दांड्याचं सांगितलं. मागून मारलं असणार ते सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." मस्करी होती की कौतुक, काय माहीत. पण लिहून घेतलं सगळं.

बाहेर येऊन नळाला तोंड लावून पाणी प्यायले. बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

९ मार्च

काहीही झालं नाही! तो फाटकावर खुर्ची टाकून बसलाय. पोंपों भावोजींनी बघितला. चहा पीत होता म्हणे. चहा!

ठाण्यात गेले तर, "चौकशी चालू आहे." कुठे चालू आहे? जागची हलत नाही ती.

सासूबाई आज म्हणाल्या, "उगाच कुणाला बोल लावू नकोस गं. तो येईल." त्यांच्यावर ओरडले. म्हातारीवर! मग त्यांच्या पायांना तेल चोळून दिलं.

११ मार्च

सुचलं! मशीनवरच सुचलं.

पिवळी ताडपत्री घ्यायची. त्यावर काळ्या रेक्झिनची अक्षरं कापून शिवायची, हातहात मोठी. रंगवायची नाहीत, रंग पावसापाण्याने जातो. शिवायची. दुहेरी दोऱ्याने. "ह्या रस्त्यावरच्या गोदामाच्या चौकीदाराने माझा नवरा मारला." आणि गाडीच्या मागे बांधायची. मागून येणाऱ्या प्रत्येकाने वाचलं पाहिजे. घाट चढताना तर वाचण्यावाचून गत्यंतर नाही, एकामागे एक गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात.

मास्तरांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "खात्री आहे ना गं तुझी?" मी म्हटलं, "मास्तर, कापड द्यायचं नसेल तर तसं सांगा." दिलं.

१६ मार्च

पहिली ताडपत्री पोंपों भावोजींच्या गाडीला. दोर मी स्वतः आवळले. भावोजी जरा चुळबुळत होते, पण ह्यांच्यासाठी म्हणून तयार झाले. मग त्यांच्या ओळखीचा एक दाढीवाला ड्रायव्हर आला, म्हणाला, मलाही शिवून दे बहिणी. मग आणखी एक. खांदे भरून आलेत, पण हात थांबत नाहीत. "मारला" शिवताना दोरा मुद्दाम जास्त ओढते.

२१ मार्च

धरला! धरला! धरला!

ड्रायव्हर लोकांनी फाटकापुढे गाड्या आडव्या लावल्या. "चौकीदाराला बाहेर काढा!" गोदामवाल्यांचं काम अडलं तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. त्याला जीपमध्ये घालताना भावोजींनी बघितलं. पायात एकच चप्पल होती म्हणाले. मला ते ऐकून इतका आनंद झाला की मी दोनदा सांगायला लावलं.

आता विचारा त्याला. चांगलं विचारा. हाडं मऊ होईपर्यंत विचारा.

२६ मार्च

चौकीदाराची बायको आली होती. माझ्या दारात! कडेवर पोर, तेही किरकिरं. म्हणते, "ताई, त्या संध्याकाळी हे फाटकावर नव्हतेच हो. पोर तापाने फणफणलं होतं, म्हणून घरी आले होते. न सांगता आले म्हणून बोलत नाहीत, नोकरी जाईल म्हणून."

अस्सं! आधी म्हणे "मीच होतो". आता नव्हतोच. खोटं बोलायचं तर निदान नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवायचं तरी!

मी म्हटलं, "तुझा नवरा तुरुंगात आहे, पण आहे ना? कुठे आहे ते तुला माहीत आहे ना? मला तेवढंही नाही." ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले आणि दार लावलं. पोराचं रडणं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ऐकू येत होतं. येऊ दे. मला काय त्याचं?

सासूबाई आतून बघत होत्या. "पाणी तरी विचारायचंस," म्हणाल्या.

३० मार्च

कबूल केलं!!

साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. मागून मारलं. शटरच्या दांड्याने. एकदाच. फरफटत विहिरीकडे नेलं. अगदी मी म्हटलं तसं! शब्दन् शब्द! मला ज्योतिष सांगायला बसायला हवं.

मी विचारलं, "ओरडले का हे?" साहेब म्हणाले, "ते नाही विचारलं." विचारा की! मला कळायला नको?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. निवडलेली आणि टाकायची एकाच ताटात जात होती. मग म्हणाल्या, "म्हणजे नाहीच का आता?" आणि मी, जी इतके दिवस दगडासारखी बसले होते, ती त्यांच्या मांडीत डोकं घालून रडले. पण आतून, खरं सांगते, आतून गार वाटत होतं. कुणीतरी केलं आणि त्याला धरलं. आता फक्त त्याला फासावर बघायचं.

६ एप्रिल

विहीर उपसली. गाळ निघाला, एक फुटकी बादली, मेलेलं मांजर. हे नाहीत.

आता तो म्हणतो, कालव्यात टाकलं. काल म्हणाला, जाळलं. साहेब वैतागलेत. गाडीचं विचारलं की म्हणतो, "तुम्ही सांगाल ते." लबाड! खेळवतोय सगळ्यांना. मला द्या त्याला एक दिवस. माझी दाभण पुरेशी आहे.

१४ एप्रिल

पोंपों भावोजी येऊन गेले. नसते आले तर बरं झालं असतं.

त्यांच्या बायकोलाही बरोबर आणलं होतं. मी चहा ठेवला. बोलता बोलता ह्यांच्या शेवटच्या फोनचा विषय निघाला. मी म्हटलं, "पोचलो म्हणाले आणि तिथेच त्या मेल्याने..." तर भावोजींची बायको हसली. तशी दुःखातच हसली, पण हसली. म्हणाली, "आमचे तर निम्म्या वाटेतच पोचलो म्हणून मोकळे होतात. मला ठाऊक असतं. मागे गाडी घरघरत असते आणि हे म्हणतात पोचलो."

भावोजींनी तिच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काय ते नीट बोला."

ते कपात बघत म्हणाले, "सगळेच म्हणतो वहिनी. घरचे वाट बघत बसतात ना. गाडी कधी पोचेल त्याचा भरवसा नसतो. मग अंधार पडायच्या आत, फोन लागतोय तोवर, सांगून टाकायचं पोचलो. म्हणजे घरचे मोकळे होतात." मग म्हणाले, "तो तर नेहमीच म्हणायचा. मी शेजारच्या सीटवर बसलेलो असताना म्हणालाय, घाटाच्या वरच. मला म्हणायचा, नाही सांगितलं तर ही जेवत नाही रे."

मी उठले आणि सांगितलं, "चहा झाला असेल तर निघा."

"वहिनी, मी आधीच बोलणार होतो..."

"निघा!"

माझा नवरा मला खोटं सांगणार? इतकी वर्षं? दर खेपेला? आणि हे दोस्त म्हणवतात! दांड्याने मारल्याचं त्याने स्वतः कबूल केलंय. स्वतःच्या तोंडाने. मग आता हा घाट कुठून आला मध्ये?

१५ एप्रिल

कबूल केलंय त्याने. कबूल केलंय.

२३ एप्रिल

आज कोर्टात त्याला बघितलं. मुद्दाम पुढच्या बाकावर बसले होते. त्याला रडताना बघायचं होतं ना मला.

तो रडला नाही. डावा हात छातीशी धरला होता, बोटं सुजलेली. मला बघितलं, खाकरला आणि म्हणाला, "माफ करा ताई. माझ्याकडून झालं." शिपायाने पुढे ढकललं.

बघा! माफी मागितली! निर्दोष माणूस कशाला माफी मागेल? हे मी घरी येईपर्यंत स्वतःलाच सांगत होते. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "काही म्हणालात का?"

सूड म्हणजे असा असतो तर. मला वाटलं होतं, जास्त गोड असेल. पण सोडणार नाही. आता मागे कसं फिरायचं? आणि का फिरायचं?

११ मे

गाडी सापडली.

धरणात. घाटातल्या शेवटच्या वळणाखाली. पाणी उतरलं आणि केबिनचा टप वर आला, मासे धरणाऱ्यांनी बघितलं. त्या वळणाचा कठडा आधीपासूनच तुटलेला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. क्रेनने वर काढली तेव्हा मी तिथेच होते. दारं बंद. पंख्यांची खोकी लगदा होऊन बाहेर लोंबत होती. हे सीटवर होते. पट्टा लावलेला.

स्वेटर मी ओळखला. बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मागून मार लागल्याची खूण नाही. कुठेच नाही.

गोदाम त्या वळणाच्या कितीतरी पुढे आहे. हे पोचलेच नव्हते. फोनवर मागे वाजला तो आवाज कसला होता, ते मला विचारू नका. कुणीही विचारू नका.

१३ मे

आज पहिल्यांदा अरे-तुरे करते तुला. खोटारड्या!

काय बिघडलं असतं मी उपाशी राहिले असते तर? एक वेळ नसते जेवले, मेले असते का? तू मेलास! घाटात, उतारावर, त्या वळणावर, एका हाताने फोन धरून मला सांगतोस पोचलो? आणि मी शहाणी, ठाण्यात छाती पुढे काढून सांगते, माझा नवरा खोटं बोलत नाही! कान बघून डाव जिंकते म्हणे. फोनवर कान दिसतात का?

कुणाला धरू आता मी? सांग ना! तुझी गचांडी धरायची तर तुला काल पोचवून आले.

सासूबाईंनी ताट समोर ठेवलं. ढकललं. त्यांनी परत ठेवलं. म्हणाल्या, "तुझ्या जेवणापायी गेला माझा पोरगा. आता जेव." रागाने म्हणाल्या की मायेने, मला समजलं नाही. जेवले.

१९ मे

ठाण्यात गेले. म्हटलं, "साहेब, माझा जबाब चुकला. आवाज मी ओळखला नव्हता. कुणी काही बोललंच नव्हतं फोनवर. दांडा, विहीर, सगळं माझ्या डोक्यातलं." साहेब दाराकडे बघत म्हणाले, "हळू बोला. कागद करतोय आम्ही, सुटेल तो. पण हे आत्ता बोललात ते पुन्हा कुठे बोलू नका. तुम्हीही अडकाल." – "आणि तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी शिपायाला बोलावून चहा मागवला.

मी म्हटलं, "मला कागद द्या. मी लिहून देते." दिला नाही. बाहेर टपरीवरून विकत घेतला, तिथेच उभ्याने लिहिला, टेबलावर ठेवून आले. अडकेन तर अडकेन.

२४ मे

ताडपत्र्या परत आणून दिल्या भावोजींनी. एक नाही मिळाली, दाढीवाला लांबच्या खेपेवर आहे. अजून कुठेतरी ती अक्षरं फिरतायत.

दिवसभर उसवत बसले. दुहेरी दोरा, माझाच. मास्तर समोर बसून कातरीने टाके तोडायला लागले. अक्षरं निघाली, पण सुईची भोकं तशीच आहेत. उजेडात धरली की सगळं वाचता येतं. मास्तर म्हणाले, "फाडून टाकू." फाडल्या.

चौकीदाराच्या बायकोला भेटायला जायचं आहे. काल पत्ता विचारायला गोदामाच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. तिथे नवा चौकीदार आहे.

२ जून

चौकीदार आला होता. सुटलाय. मी दार उघडलं आणि वाटलं, मारायला आलाय. वाटलं, मारू दे.

आत आला नाही. पाणी दिलं, ते हातात धरून उभा राहिला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच आधी बोलला. "ताई, तुम्हालाच विचारायचं होतं. तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून. मी नाही ना मारलं त्यांना?"

मी म्हटलं, "नाही. तुम्ही काही केलं नाही. ते पाण्यात गेले."

"पण मला आठवतंय ना, ताई. दांडा, विहीर, सगळं," तो म्हणाला.